भाच्यावर केस झाली होती. फाफ्सा (अमेरिकेतला कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज) भरावा की नाही?

मोगरा_एडिसन

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरातली गोष्ट आहे, म्हणून थोडे तपशील बदललेत. चूक झाली तर सांभाळून घ्या.

माझा भाचा वीस वर्षांचा. जन्म इथलाच, म्हणजे सिटिझन. गेल्या वर्षी मार्चमध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला असताना, त्याच्या डॉर्मच्या खोलीत अॅडरॉलच्या (लक्ष लागण्यासाठी डॉक्टर देतात त्या) गोळ्या सापडल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची. परीक्षेच्या आठवड्यात यानं त्या दोघा-तिघांना विकल्याही होत्या. वकिलानं तडजोड करून 'जवळ बाळगणे' एवढ्यावर आणलं. दोन वर्षं प्रोबेशन, तुरुंगवास नाही. कॉलेज मात्र त्या मार्चमध्येच सुटलं ते सुटलंच.

आता तो एका किराणा दुकानात रात्रीची पाळी करतो आणि काउंटी कॉलेजात जायचं म्हणतोय. ताई एकटी आहे (घटस्फोट झालाय), पगार बेताचा. मदत मिळाल्याशिवाय जमणार नाही. पण ताई फॉर्मच भरू देत नाहीये. तिनं कुठून तरी एक प्रिंट आणलीय. त्यात लिहिलंय की ड्रग्जची पहिली शिक्षा असेल तर एक वर्ष मदत बंद, दुसरी असेल तर दोन वर्षं, तिसऱ्यांदा कायमची बंद. आणि खोटं लिहिलं तर दंड. ती म्हणते, खरं लिहिलं तर मिळणार नाही, खोटं लिहिलं तर पुन्हा कोर्ट, मग भरायचाच कशाला? कोर्टाचा कागद तिनं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलाय. मला दाखवतानासुद्धा आधी खिडकीचे पडदे ओढून घेतले.

कुणाला अनुभव आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

कट्टेकरी

कटू वाटेल, पण बोलतो. आमच्या पोरांनी सरळ मार्गानं शिकून डोक्यावर कर्जं घेतली. यानं गोळ्या विकायच्या आणि वर सरकारनं फी भरायची? आमच्या टॅक्समधून? हलके घ्या.

दप्तरदार

मोगराताई, मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या खिडकीमागे बसतो. कोणतं राज्य ते राहू दे. तुमच्या ताईंच्या हातातली प्रिंट माझ्या खिडकीवर वर्षाला दहादा तरी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

ती प्रिंट खोटी नाही, शिळी आहे. १९९८ साली काँग्रेसनं उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली. ती इंडियानाचे खासदार मार्क साउडर यांनी आणली होती. ड्रग्जची शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याची मदत तोडायची, आणि ती ताईंनी वाचलीय त्याच हिशेबानं, एक वर्ष, दोन वर्षं, कायमची. विकल्याची शिक्षा असेल तर पहिल्याच वेळी दोन वर्षं. पुढे २००६ मध्ये ते थोडं सैल झालं: मदत घेत असताना गुन्हा घडला असेल तरच लागू. मग डिसेंबर २०२० मध्ये फाफ्सा सोपा करण्याचा कायदा झाला आणि ती अटच गेली. २०२१-२२ पासून त्या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी फरक पडेनासा झाला, आणि २०२३-२४ च्या फॉर्मवरून प्रश्नच उडाला. त्याच कायद्यानं मुलग्यांसाठीची सैन्यनोंदणीची अटही काढली.

म्हणजे आज भाच्यानं फॉर्म उघडला तर केसबद्दल विचारणारी एक ओळही त्यात नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नसतं. प्रोबेशनवर असल्यानं पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, अडत नाही. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, आणि ताईंच्या उत्पन्नावर किती ते ठरेल. वर तुमच्या न्यू जर्सीत काउंटी कॉलेजसाठी राज्याची वेगळी ग्रँट आहे, घरचं उत्पन्न ६५,००० पर्यंत असलं तर फी जवळजवळ माफ होते. तिचाही रस्ता फाफ्सावरूनच जातो. फॉर्म न भरून ताई दोन दारं बंद करतायत.

एक बारीक गोष्ट, यात लोक हमखास फसतात. त्याला येत्या जानेवारीत सुरू करायचं असेल तर २०२५-२६ चा फॉर्म भरा. आत्ता नवा उघडलाय तो २०२६-२७ चा, पुढच्या सप्टेंबरचा. दरवर्षी डिसेंबरात रडवेल्या चेहऱ्यानं येणाऱ्या निम्म्या मुलांनी चुकीच्या वर्षाचा फॉर्म भरलेला असतो.

आता माझा प्रश्न, आणि केसपेक्षा मला याचीच जास्त काळजी आहे. मार्चमध्ये कॉलेज सुटलं म्हणता. रीतसर विथड्रॉ केलं की नुसतंच जाणं थांबलं? आणि पहिल्या वर्षी फेडरल कर्ज घेतलं होतं का?

बाभूळ

दप्तरदारांना +१. कट्टेकरी, तुम्ही हलके घ्या म्हणालात म्हणून हलकेच घेते, पण एक गंमत सांगते. तो जुना प्रश्न फक्त ड्रग्जबद्दल होता. दरोडा घालून सुटलेल्याला, कुणाचा जीव घेऊन सुटलेल्याला फाफ्सानं कधीच काही विचारलं नाही. त्याला पेल ग्रँट मिळायची. खिशात गोळी सापडलेल्याला नाही. तुमचा टॅक्स तेव्हाही जातच होता.

कट्टेकरी

हे माहीत नव्हतं. खरंच असं होतं?

दप्तरदार

खरंच. कुणी विचारलं की आम्हालाही उत्तर सुचत नसे.

मोगरा_एडिसन

दप्तरदार, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. आधी विश्वासच बसेना. मग तिच्यासमोर लॅपटॉपवर फॉर्म उघडून एकेक पान खाली नेलं. ती चष्मा लावून बोटानं ओळी मोजत होती. शेवटाला आलो तरी प्रश्न नाही. म्हणाली, "तू पान चुकवलंस." पुन्हा पहिल्यापासून गेलो. मग उठून तिनं चहा टाकला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: विथड्रॉ वगैरे काही केलं नाही. अटकेनंतर डॉर्म सोडायला लावली, सामान एका काळ्या पिशवीत भरून घरी आणलं आणि पुन्हा कुणी गेलंच नाही. चारही विषयांत एफ. कर्ज होतं, ५,५०० चं. त्या कंपनीची पत्रं येत होती, पण ताईनं वर्षभर त्या रंगाची पाकिटं उघडलीच नाहीत. तिला ती सगळी कोर्टाचीच वाटायची.

सह्यकडा

प्रोबेशन कशाला? पहिलाच गुन्हा असला की न्यू जर्सीत पीटीआय मिळतं ना, खटल्याऐवजी सुनावणीआधीच देखरेखीखाली ठेवतात ते? मग शिक्षेची नोंदच होत नाही.

मोगरा_एडिसन

मागितलं होतं. विकल्याचा आरोप होता म्हणून सरकारी वकिलांनी नाकारलं. आता त्यात शिरायला नको, ताईला त्रास होतो.

दप्तरदार

वाटलंच होतं. केसनं काही अडवलेलं नाही, अडवलंय केसच्या शेपटानं. बघा:

कर्ज. कॉलेज सुटल्यावर सहा महिने सूट असते, मग हप्ते सुरू. २७० दिवस एकही हप्ता नाही गेला की कर्ज डिफॉल्टमध्ये. मार्चमधलं सुटणं धरून मोजा, या उन्हाळ्यात ते बुडीत खात्यात गेलंय. आणि डिफॉल्टमधल्या विद्यार्थ्याला फेडरल मदत मिळत नाही. इथे खरा दरवाजा बंद आहे, आणि त्यावर ड्रग्जचं नावही नाही.

उघडायचे दोन मार्ग. एक, कर्जाचं एकत्रीकरण: नवं कर्ज काढून जुनं मिटवायचं, काम महिना-दोन महिन्यांत होतं. दुसरा, पुनर्वसन: दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर. हप्ता उत्पन्नावर ठरतो, अगदी कमी कमाई असली तर महिना पाच डॉलरसुद्धा. सलग सहा हप्ते वेळेवर गेले की मदतीची पात्रता परत येते, नऊ झाले की क्रेडिटच्या नोंदीवरचा डिफॉल्टचा शिक्काही पुसला जातो. एकत्रीकरणात तो पुसत नाही. घाई असेल तर पहिला मार्ग, नसेल तर मी दुसरा सांगेन.

चार एफ. प्रत्येक कॉलेजला विद्यार्थ्याची प्रगती तपासावी लागते, आम्ही तिला सॅप म्हणतो. साधारण २.० चा जीपीए आणि घेतलेल्या विषयांपैकी दोन तृतीयांश पूर्ण. नवं कॉलेज जुने विषय मोजायला घेईल तेव्हा हा नापास ठरू शकतो. ठरला तर अपील करता येतं. दोन गोष्टी लिहायच्या: तेव्हा काय झालं, आणि आता काय बदललंय. आजारपण वगैरे खोटं रचू नका. अटक झाली, खोली सोडावी लागली, सत्र बुडालं, तीन वाक्यं पुष्कळ झाली. दुसऱ्या भागावर जास्त शाई खर्च करा.

जुन्या कॉलेजचं येणं. सत्राचे साठ टक्के दिवस होण्याआधी विद्यार्थी गेला तर मदतीचा काही भाग कॉलेजला सरकारला परत करावा लागतो, आणि मग ते तेवढं बिल विद्यार्थ्याच्या नावावर टाकतं. मार्च म्हणजे बहुतेक साठच्या आतच. तीही पाकिटं उघडून बघा.

नवीन_आयडी_का_ते_कळेल

मी इथली जुनीच आहे, आज नव्या नावानं लिहितेय. ओहायोत होते. २०११ साली माझ्यावरही ड्रग्जची केस झाली, फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. मराठी मंडळात ही गोष्ट कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही.

तेव्हा तो प्रश्न फॉर्मवर होता. माझा गुन्हा मदत घेत असताना घडला नव्हता, म्हणजे २००६ नंतरच्या नियमानं मला काही अडचणच नव्हती. पण मला हे कुणी सांगितलं नाही. तो प्रश्न दिसला, मी लॅपटॉप बंद केला आणि पुढची चार वर्षं एका गोदामात खोक्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. प्रश्नानं माझं काही बिघडवलं नाही, प्रश्न बघून मीच उठले.

पुढे शिकले. तर मोगरा, एक गोष्ट तुमच्या ताईच्या टॅक्सवाल्याला जरूर विचारा. कॉलेजच्या फीवर एओटीसी म्हणून टॅक्स क्रेडिट असतं, वर्षाला २,५०० पर्यंत. विद्यार्थ्याला ड्रग्जची फेलनी शिक्षा झालेली असेल तर ते मिळत नाही. फाफ्सावरून प्रश्न गेला, टॅक्समधून गेलेला नाही! आमच्या सीएनं न विचारताच घेतलं होतं, दोन वर्षांनी व्याजासकट परत भरलं. त्याऐवजी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट घेता येतं, २,००० पर्यंत, त्याला ही अट नाही.

बाभूळ

बाई, तुम्हाला दंडवत.

मोगरा, न्यू जर्सीत कायद्यात 'फेलनी' हा शब्दच नाही, 'इंडायटेबल क्राइम' म्हणतात. त्यामुळे कागदावर फेलनी दिसली नाही म्हणून गाफील राहू नका. कागदावर 'थर्ड डिग्री' लिहिलंय का? असेल तर टॅक्सवाल्यासाठी ती फेलनीच.

मोगरा_एडिसन

थर्ड डिग्रीच आहे. ताईला वाटत होतं तिसऱ्या दर्जाचा म्हणजे किरकोळ.

बाभूळ

थोडं अवांतर, पण हा धागा पुढे कुणीतरी शोधून वाचणार, म्हणून लिहून ठेवते. मी इमिग्रेशन वकिलांकडे काम करते. मोगराचा भाचा सिटिझन आहे म्हणून ही सगळी चर्चा पैशांची आहे. मूल एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फेडरल मदत मुळातच नाही, केस असो नसो. ग्रीनकार्डावर असेल तर मदत मिळते, पण ड्रग्जची शिक्षा झाली तर प्रश्न देशात राहण्याचाच होतो. स्वतःपुरता तीस ग्रॅमच्या आतला गांजा, तोही एकदाच, एवढाच अपवाद. राज्यानं गांजा कायदेशीर केला असला तरी फेडरल कायद्यात तो नाही, हे आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

आणखी एक. फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल करून पुढे केस काढून टाकली, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षाच राहू शकते. म्हणून कबुलीच्या आधी विचारायचं. २०१० मध्ये पाडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं काम आहे. तो आपणहून बोलला नाही तर तुम्ही तोंड उघडा. 'कशाला बाहेर चर्चा' म्हणून गप्प बसलेली घरं मी ऑफिसात बघते.

पेठेतला_बाळू

पुण्यातून विचारतोय. तिथे तुरुंगात असलेल्यांना पण मिळतं का हे? आपल्याकडे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची केंद्रं तुरुंगात आहेत, आमचे एक सर पेपर तपासायला घ्यायचे. उत्तरपत्रिकेचं अक्षर फार सुबक असतं म्हणायचे, वेळच वेळ.

दप्तरदार

बाळू, मिळतं, पण पुन्हा मिळायला लागून फार दिवस झाले नाहीत. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्यानं कैद्यांची पेल ग्रँट बंद केली. क्लिंटन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. तुरुंगातले वर्ग पटापट बंद पडले. २०१५ मध्ये ओबामांच्या काळात 'सेकंड चान्स पेल' नावानं काही कॉलेजांत प्रयोग सुरू झाला, आणि १ जुलै २०२३ पासून कैद्यांना ती रीतसर खुली झाली, मात्र मान्यता मिळालेल्या तुरुंग-अभ्यासक्रमातच शिकलं तर. तुरुंगात असेपर्यंत फेडरल कर्ज मात्र मिळत नाही.

कट्टेकरी

मोगराताई, पहिला प्रतिसाद जरा जास्तच झाला. भाच्याला काय शिकायचंय? आमच्या मुलाची जुनी पुस्तकं गॅरेजमध्ये पडून आहेत, अल्जिब्रा आणि बायोलॉजी. सॉमरसेटला राहतो, आणून देईन.

मोगरा_एडिसन

कट्टेकरी, धन्यवाद, व्यनि करते. त्याला एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय. दुकानात त्याच्या पाळीला असलेल्या एका मुलीनं डोक्यात घातलं.

दप्तरदार

मग आधी ऐका, नंतर रडायला नको. काउंटी कॉलेजात प्रवेश सगळ्यांना असतो, पण रेडिओग्राफीत हॉस्पिटलला प्रात्यक्षिकं असतात. तिथे पार्श्वभूमी तपासतात, बोटांचे ठसे घेतात. आणि शेवटी परवान्यासाठी एआरआरटी या एक्स-रे टेक्निशियनना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची परीक्षा. तिथे केसबद्दल विचारतात आणि तिथे लपवायचं नाही. फाफ्सा आणि हे यात गल्लत करू नका. पण एआरआरटीकडे शिक्षण सुरू होण्याआधीच पात्रता तपासून घेण्याचा अर्ज करता येतो. थोडी फी आहे. दोन वर्षं शिकून नकार घेण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. नकार आलाच तर दुसरं काहीतरी शिकू दे. ड्रग्जच्या केसवाल्याला औषधांच्या कपाटापाशी जायला वेळ लागतो, वेल्डिंगला नाही.

चार वर्षांच्या कॉलेजात पुढे गेला तर कॉमन अॅपच्या (अनेक कॉलेजांसाठी एकच प्रवेश अर्ज) सामाईक भागातून गुन्ह्याचा प्रश्न २०१९-२० पासून गेलाय. काही कॉलेजं आपापल्या पुरवणीत विचारतात अजून. जिथे विचारतील तिथे खरं लिहायचं.

मोगरा_एडिसन

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

गेल्या रविवारी सगळी पाकिटं उघडली. एकूण तेवीस. भाचा सुरीनं कापत होता, मी लावत होते, ताई नुसती बसली होती. कोर्टाचं त्यातलं एकही नव्हतं. जुन्या कॉलेजचं बिल निघालं, हजाराच्या थोडं वर. फोन केला तर त्यांच्या माणसानं आधी पूर्ण रक्कम भरा म्हटलं, मग दुसऱ्या बाईनं महिन्याचे हप्ते बांधून दिले. दोघं एकाच खोलीत बसत असावीत.

कर्ज डिफॉल्टमध्येच होतं, दप्तरदारांचा हिशेब बरोबर. आम्ही पुनर्वसन घेतलं. त्याच्या पगारावर हप्ता बसला महिना अकरा डॉलर. जानेवारीत एकच विषय, गणिताचा, रोखीनं घ्यायचा. पूर्णवेळ पुढच्या सप्टेंबरात, तोवर सहा हप्ते होऊन जातील. २०२६-२७ चा फॉर्म भरून टाकला. वडिलांचं काय करायचं हा घोळ होता, ते तिकडे बंगळूरला. पण गेल्या बारा महिन्यांत ज्यानं जास्त खर्च केला तेच पालक धरतात म्हणे, म्हणजे ताईच. तिनं स्वतःचं खातं काढलं आणि सही केली.

अपीलाचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं. मी वाचायला मागितलं तर दिलं नाही.

पहिला हप्ता पाच तारखेला त्याच्या कार्डावरून गेला. पावतीची प्रिंट ताईनं काढली आणि त्याच ड्रॉवरमध्ये, हळदीकुंकवाच्या डब्याखाली, कोर्टाच्या कागदावर ठेवून दिली. मी म्हटलं, अगं ही तरी बाहेर असू दे, फ्रिजवर लाव.

दप्तरदार

ड्रॉवरमध्येच असू दे. सहाच्या सहा पावत्या लागतील. एप्रिलमध्ये एखादा माझ्यासारखा खिडकीमागचा माणूस मागेलच.